पाचव्या होलचा मागचा ओटला

आमच्या गोल्फ क्लबच्या पाचव्या होलवर एक नाला आहे. पावसाळ्यात तो वाहतो, दिवाळीपर्यंत ओला असतो आणि होळीनंतर त्यात दगड, बेशरमाची झुडपं आणि लोकांचे हरवलेले चेंडू एवढंच उरतं. काही वर्षांपूर्वी कमिटीने ठरवलं की हा नाला बुजवायचा. सिमेंटचे मोठे पाइप टाकायचे, वरून माती लोटायची, गवत लावायचं. मी कमिटीत होते आणि विरोध करणारी एकटी मीच होते.

विरोधाचं कारण पर्यावरण वगैरे नव्हतं. तसं सांगितलं असतं तर लोकांनी मान तरी डोलावली असती. माझं कारण साधं होतं. त्या मैदानावर डोकं वापरायला लावणारी ती एकच जागा होती आणि मला ती हवी होती.

माझं माहेर इंदूरच्या परदेशीपुऱ्यातलं. वडील मिलच्या ऑफिसात कारकून. गोल्फ हा खेळ आमच्या घरात फक्त पेपराच्या शेवटच्या पानावर यायचा आणि ते पान कांदे ठेवायला जायचं. लग्नानंतर नवऱ्याने पोलोग्राउंडला स्प्रिंकलर आणि पाइपांचे जोड बनवायचा लहानसा कारखाना काढला. कुणा गिऱ्हाइकाच्या आग्रहाने त्याने क्लबची मेंबरशिप घेतली, वर्षभरात त्याची कंबर धरली आणि डॉक्टरने वळायलाच मनाई केली. मेंबरशिप वाया जाऊ नये म्हणून मी जायला लागले. त्याला आता वीसेक वर्षं झाली. नवरा अजून येतो, पण बाकावर बसून लोकांच्या चुका मोजायला.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. प्रत्येक होलची सुरुवात एका सपाट, किंचित उंच चौथऱ्यावरून होते. इंग्रजीत त्याचं नाव वेगळं आहे. आमचे माळी त्याला ओटला म्हणतात, इथल्या जुन्या घरांपुढे असतो तसा, आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. ओटल्यावरून काठीने पहिला फटका, लांब जायचं तर लांब काठी, जवळ जायचं तर आखूड, मग पुढचे, आणि शेवटी हिरवळीवरच्या भोकात चेंडू. जितके कमी फटके तितकं चांगलं. एवढं कळलं की पुरे.

मैदान नऊ होलचं, जुनं. सांवेरच्या बाजूला, तारेच्या कुंपणापलीकडे सोयाबीनची शेतं. ते कुणी आखलं हे क्लबात कुणालाच नक्की माहीत नाही. मिलच्या जमान्यातला कुणी गोरा मॅनेजर असेल असं म्हणतात. कुणीही असो, त्याला अक्कल होती. पाचव्यावर नाला मैदानाला तिरका कापून जातो. डावीकडे तो ओटल्याच्या जवळ येतो, उजवीकडे लांब जातो. हिरवळीच्या डाव्या अंगाला मातीचा उंचवटा आहे. म्हणजे डावीकडून नाला ओलांडणं सोपं, पण मग पुढचा फटका त्या उंचवट्यावरून मारावा लागतो आणि चेंडू हिरवळीवर थांबत नाही. उजवीकडून ओलांडायला छाती लागते, पण ओलांडला तर हिरवळ समोर उघडी. आणि ज्याला दोन्ही नको त्याने नाल्याच्या अलीकडे थांबावं, तिथून पुढे जावं. एक फटका जास्त लागतो, पण रात्री झोप लागते.

मी तिसऱ्या रस्त्याने जाणारी. माझा फटका लांब जात नाही, कधीच गेला नाही. पण सरळ जातो, आणि पुढचा कुठून मारायचा हे मी आधी ठरवलेलं असतं. बाकीच्या आठ होलवर लांब मारणारा जिंकतो. पाचव्यावर मला संधी असायला हवी होती.

असायला हवी होती म्हणते, कारण खरं तर नव्हती. हल्लीच्या काठ्या मोठ्या डोक्याच्या, चेंडू जास्त पळणारे. तरुण मेंबर एका फटक्यात नाल्याच्या कितीतरी पलीकडे जायचे. उजवं की डावं हा प्रश्नच त्यांना पडत नव्हता. नाल्यात पडायचे ते सगळे पासष्टीच्या पुढचे. म्हणजे ज्यांनी विचार करावा त्यांना नाला दिसत नव्हता आणि ज्यांना जरा आराम हवा त्यांचे चेंडू तो गिळत होता. कमिटीचं म्हणणं त्या दृष्टीने चूक नव्हतं.

आमचे अध्यक्ष वीज खात्यातून निवृत्त झालेले, माझ्या नवऱ्याचे जुने दोस्त. बैठकीत ते म्हणाले, "वहिनी, मतलब तुमचा पॉइंट काय आहे? चांगल्या प्लेयरला नाला नडत नाही, आमच्यासारख्यांना दर रविवारी नडतो. वरून मच्छर. बुजवून टाकू, छुट्टी."

"चांगल्या प्लेयरला नडत नाही, हीच तर गडबड आहे," मी म्हटलं.

"म्हणजे नडला पाहिजे?"

"हो."

"कमाल आहे. तुमचा स्वतःचा चेंडू जातो का पलीकडे?"

"नाही जात. मी अलीकडे थांबते."

"मग पाइप टाकल्यावरही थांबा ना. कोण मना करतंय?"

सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. पण नाला बुजवायचं काम पावसाळ्यानंतर सुरू करायचं असं त्याच बैठकीत नक्की झालं.

मला उपाय सापडला तो मे महिन्यात, आणि पाइपामुळे. मे महिन्यात आमच्याकडची काळी माती फाटते. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात, कुत्र्याचं पिल्लू अडकेल अशा. विहिरीकडून येणाऱ्या पाइपातली एक गळती शोधत मी पाचव्याच्या मागे, बाभळींच्या रांगेपलीकडे, पार कुंपणापर्यंत गेले. सगळी जमीन तडकलेली आणि मध्येच एक तुकडा साबूत. लांबट चौकोन, मोठ्या खोलीएवढा. त्यात एकही भेग नाही आणि कडा जवळजवळ काटकोनात. चपलेच्या टोकाने उकरलं तर खाली लाल मुरूम.

इंदूरमध्ये घर बांधलेल्या कुणालाही ही गोष्ट सांगावी लागत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते, म्हणून पायासाठी ती आधी काढून टाकून मुरूम भरतात. इथे शेताच्या कडेला कुणीतरी मुद्दाम, नीट मापाने मुरूम भरला होता. घराचा पाया नव्हता तो, कारण भिंतीच्या खुणा नव्हत्या. मी त्या चौकोनाच्या मधोमध उभी राहिले आणि बाभळीची एक फांदी बाजूला करून समोर बघितलं.

नाला पूर्ण दिसत होता. रोजच्या ओटल्यावरून तो एक आडवी रेघ वाटायचा. इथून त्याचा तिरकेपणा दिसला. डावीकडची जवळची वाट, उजवीकडची लांबची, मागे उंचवटा, सगळं एका नजरेत. आणि उजवीकडचं अंतर असं की लांब मारणाऱ्यालाही काठी निवडताना थांबावं लागेल. जुना ओटला हाच होता. आम्ही इतकी वर्षं भलतीकडून खेळत होतो.

मग ओटला पुढे कसा आला? हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चौथ्या आणि पाचव्या होलच्या मध्ये एक कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत कधीतरी पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिथे रविवारी पोहे-जलेबी मिळायला लागली. चौथं होल संपवून लोक तिथे येणार, शेव भुरभुरून पोहे खाणार आणि हात पुसून जवळच्या सपाट जागेवरून पाचवं सुरू करणार. पोटात पोहे असताना मागे कोण चालत जाईल? माळ्यानेही मग तिथेच पाणी घालायला सुरुवात केली, कारण नळी तिथवरच पोचायची. गवत तिथे वाढलं, मागे बाभळी वाढल्या, आणि नवीन येणाऱ्याला वाटलं की ओटला पहिल्यापासून इथेच होता. मलाही तसंच वाटत होतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पोह्यांनी होल छोटं केलं."

"पोह्यांनी नाही, आळसाने."

"रविवारी एकच आहे ते."

पुढच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला. मागचा ओटला परत करायचा. लांब मारणाऱ्यांनी मागून खेळायचं, बाकीच्यांनी शेडजवळच्या ओटल्यावरून. मग नाला दोघांनाही सारखाच प्रश्न घालेल. पाइप आणि स्प्रिंकलर आमच्या कारखान्यातून, मजूर क्लबचे. अध्यक्षांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि म्हणाले, "ठीक आहे, वहिनी. जानेवारीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत नाल्याला हात लावत नाही. सभेत हात वर करून ठरवू. पण तोवर लोक बोंबलले तर मी सांभाळणार नाही."

"मी सांभाळीन," मी म्हटलं.

पावसाच्या आधी बाभळी छाटल्या. जुना मुरूम इतका घट्ट बसलेला होता की तो हलवलाच नाही, मागच्या बाजूला थोडा वाढवला, वर वाळूचा थर, त्यावर चाळलेली माती. पाणी साचू नये म्हणून मागे अगदी हलका उतार दिला. पाइपलाइन वाढवली, शेडजवळचा ओटलाही सपाट करून घेतला. पाऊस सुरू झाल्यावर दोन्हीकडे हरळी लावली आणि ऑक्टोबरपर्यंत ती कापायला आली. काम चांगलं झालं होतं. मी अशा बाबतीत लाजत नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी उद्घाटन केलं. उद्घाटनाशिवाय आपल्याकडे संडासाचा नळही सुरू होत नाही, तर ओटला कसा होईल? झेंडूच्या माळा, फीत, नारळ. अध्यक्षांनी नारळ फोडला, मागच्या ओटल्यावरून पहिला फटका मारला आणि चेंडू सरळ नाल्यात घातला. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. सगळा घोळ तिथेच झाला होता, पण त्या दिवशी मला तो दिसला नाही.

पुढच्या रविवारी मी चौथं संपवून शेडपाशी आले तर मागच्या ओटल्यावर रांग. रांगेत कोण, तर क्लबमधले झाडून सगळे म्हातारे. गुडघ्याला पट्टा बांधलेले, कानाला यंत्र लावलेले, सगळे हातात लांब काठी घेऊन मागे निघालेले. एकामागून एक चेंडू नाल्यात. आणि शेडजवळच्या ओटल्यावर तरुण मंडळी, एका हातात द्रोण, दुसऱ्या हातात काठी, धडाधड नाला पार करतायत. मी ज्यांच्यासाठी जो ओटला ठरवला होता त्याच्या बरोबर उलट.

सांवेर रोडवर पॅकिंगच्या खोक्यांचा कारखाना असलेला एक मेंबर आहे, तिशीतला, क्लबात सगळ्यात लांब मारणारा. त्याला विचारलं, "मागे का नाही जात?"

"आंटीजी, आपका चबूतरा बहुत दूर है. पोहे ठंडे हो जाते हैं."

"आणि हे सगळे आजोबा?"

"वो तो व्हीआयपी चबूतरा है ना, आंटीजी. प्रेसिडेंट साहब ने वहीं से मारा था."

अध्यक्षांनी जिथून मारलं ती मानाची जागा. मग मानाच्या जागेवरून आपण का मारू नये? आणि पुढचा ओटला? तिथून मी खेळते, आणखी दोघी खेळतात, म्हणून एका आठवड्यात त्याचं नाव बायकांचा ओटला पडलं. ज्या माणसाला जिना चढताना कठडा लागतो तोही बायकांच्या ओटल्यावर उभा राहायला तयार नाही. तरुणांना कसलीच लाज नव्हती, त्यांना फक्त पोहे जवळ हवे होते.

दोन-तीन रविवार असेच गेले. पाचव्यावर इतका खोळंबा व्हायचा की मागचे लोक चौथ्याच्या हिरवळीवर वर्तमानपत्र वाचत बसायचे. टोमणे सुरू झाले. "वहिनी, ओटला झकास आहे, पण तिथून फक्त कावळा पार जातो." "मॅडम, नाल्याजवळ चेंडूंचं दुकान काढा." एकाने बाकावरच्या माझ्या नवऱ्याला विचारलं, घरीही हे असंच चालतं का. नवरा म्हणाला, "घरी नाला नाही. बाकी सगळं आहे."

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, आज सभा झाली तर एक हात तुमच्या बाजूने वर होणार नाही. माझाही नाही. मी स्वतः तीन रविवार तिथे बुडतोय."

"साहेब, तुम्ही पुढून खेळा ना."

"मी? पुढून?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांना साडी नेसायला सांगितली. मी विषय सोडला.

लोकांना समजावण्याच्या फंदात मी सहसा पडत नाही. कारखान्यात कामगार लोखंडाचा कीस वाटेत टाकायचे. नवऱ्याने पाट्या लावल्या, भाषणं दिली. मी कचऱ्याचा ड्रम उचलून बरोबर ते जिथे टाकायचे तिथे ठेवला. विषय संपला. इथेही पाटी लावून कुणी हलणार नव्हतं. हलवायची होती ती जागा, माणसं नव्हेत.

आधी पोहे. शेड लोखंडी पाइपांच्या पायांवर उभी होती, पाया वगैरे काही नव्हता. पोहेवाल्याला सांगितलं की शेड मागच्या ओटल्याशेजारी नेणार. तो जिलबीच्या कढईवरून मान वर न करता म्हणाला, "दीदी, वहाँ तो कुत्ता भी नहीं आता."

"तू जाएगा तो कुत्ते भी आएँगे और मेंबर भी."

"और पानी?"

"पानी की लाइन मैंने ही डाली है. नल लगा दूँगी."

"छाँव?"

"बबूल कम पड़े तो टीन की चादर लगा देंगे पीछे से."

तो थोडा विचार करून म्हणाला, "तो फिर काउंटर थोड़ा ऊँचा करा देना, झुक-झुक के कमर गई." काउंटर उंच करून दिला. शनिवारी आमच्या कारखान्याची माणसं आली, शेड उचलली आणि मागे नेऊन ठेवली. कडुनिंबाखाली जिथे शेड होती तिथे मी पाठ टेकायची बाकं ठेवली आणि चहाचा थर्मास. नवऱ्याचा मुक्काम तिथेच हलवला, म्हणजे गप्पांची सोय झाली.

मग अध्यक्षांच्या घरी गेले.

"साहेब, एक गडबड झाली. मागच्या ओटल्याचं उद्घाटन केलं, पुढच्याचं राहूनच गेलं."

"पुढचा तर जुनाच आहे ना?"

"जुना कसला? पातळी नवीन, गवत नवीन, आता बाकंही नवीन. तुमच्या हाताने व्हायला नको?"

"नारळ असेल?"

"नारळ, हार, फोटो, सगळं."

"पण वहिनी, त्याला लोक बायकांचा म्हणतात."

"कारण अजून नाव ठेवलेलं नाही. तुम्ही ठेवाल ते नाव."

त्यांनी ठेवलेलं नाव इंग्रजीत होतं आणि त्यात प्रेसिडेंट हा शब्द होता. मी निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात ते रंगवून घेतलं. रविवारी दुसरा नारळ फुटला. या वेळी भाषणही झालं. त्यात अनुभव, संयम आणि परंपरा हे शब्द आले. मी आणि त्या दोघी त्याच ओटल्यावरून खेळत राहिलो, पण आता त्याचं कुणालाच काही वाटेनासं झालं. म्हातारे तिथे अशा थाटात उभे राहायचे जसं राखीव डब्यात बसलेत. आणि तरुण पोह्यांमागे मागे गेले. खाल्ले की तिथूनच मारायचं. पुढे चालत येऊन मारायचं म्हणजे पुन्हा आळसाच्या विरुद्ध. त्यांचं खरं तर मला कौतुक वाटलं, इतका सरळ हिशोब असणारी माणसं सांभाळायला सोपी असतात.

खोळंबा गेला. पण नाला वाचला असं काही अजून म्हणता येत नव्हतं. म्हातारे जवळून मारत होते तरी लांबच काठी वापरायचे आणि बुडायचे ते बुडतच होते. त्यांच्या हातात सभेतली बहुसंख्य मतं होती.

डिसेंबरच्या एका रविवारी अध्यक्ष, तो खोकेवाला आणि मी, असे तिघं एकत्र निघालो. पाचव्याला आलो तोवर खोकेवाला आम्हा दोघांच्या कितीतरी फटक्यांनी पुढे होता आणि अध्यक्षांना "अंकलजी, आज सर्दी ज्यादा है क्या?" वगैरे विचारून झालं होतं. त्याने जलेबी संपवली, बोटं चाटली, मागच्या ओटल्यावर उभा राहिला आणि सगळ्यात उजवी रेघ धरली. फटका जोरदार होता. चेंडू पलीकडच्या काठाला थडकला आणि घरंगळत खाली आला.

"हवा थी," तो म्हणाला. झाडाचं पानही हलत नव्हतं.

आम्ही पुढच्या ओटल्यावर आलो. मी आधी मारलं, आखूड काठीने, नाल्याच्या बऱ्याच अलीकडे. अध्यक्षांनी सवयीने लांब काठी काढली. मग खाली बघितलं. खोकेवाला पांढरे बूट सांभाळत नाल्यात उतरत होता आणि बेशरमाची झुडपं बाजूला करत होता. अध्यक्षांनी माझ्या चेंडूकडे बघितलं. लांब काठी परत पिशवीत गेली. त्यांनी माझ्यासारखीच आखूड काठी घेतली आणि चेंडू माझ्या चेंडूच्या बाजूला आणून ठेवला. मी काही बोलले असते तर त्यांनी काठी परत बदलली असती.

दुसऱ्या फटक्याला आम्ही दोघं नाला पार करून उजवीकडे, मोकळ्या बाजूला गेलो. तिसऱ्याला हिरवळ. खोकेवाल्याला बाहेर यायला दंडाचा फटका लागला, मग तो डाव्या उंचवट्यात अडकला, मग चेंडू हिरवळीवरून पलीकडे पळाला. त्या होलवर शेवटी अध्यक्ष त्याच्यापेक्षा दोन फटक्यांनी पुढे निघाले. चेंडू भोकातून काढताना ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि तिथूनच म्हणाले, "बेटा, सर्दी कशी आहे आता?"

पुढच्या आठवड्याभरात ही गोष्ट क्लबातल्या प्रत्येकाला निदान एकदा ऐकावी लागली. नाल्याच्या अलीकडे थांबायचं हे कुणाकुणाला अध्यक्षांनी शिकवलं याची यादी मोठी आहे. त्या यादीत मीही आहे.

जानेवारीत सभा झाली. नाल्याचा विषय आला आणि उभा कोण राहिला, तर खोकेवाला. म्हणाला, नाला बुजवायला हवा, आरोग्याचा प्रश्न आहे, मच्छर खूप झालेत.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मच्छर तर आधीपासून आहेत, भिया. तुला आत्ता चावायला लागले?"

हशा पिकला. मग अध्यक्ष नाल्याच्या बाजूने बोलले, आणि चांगलं बोलले. नाल्यामुळे होलला अर्थ आहे, मैदान आखणाऱ्याने तो विचारपूर्वक तसा ठेवला होता, आपण पोह्यांच्या नादी लागून त्याचं म्हणणं मोडलं होतं. मी बैठकांमध्ये जे म्हटलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, फक्त आवाज मोठा. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. मला नाला हवा होता, तो कुणाच्या तोंडून वाचतो याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

हात वर झाले. पुढची सगळी बाकं वर, मागच्या बाजूला काही खाली. नाला राहिला. त्याच सभेत कमिटीने दर उन्हाळ्यात गाळ काढायचं आणि काठ दगडाने बांधायचं काम माझ्या गळ्यात घातलं, ते मी अजून करते.

सभेनंतर गाडीपाशी खोकेवाला आला. मला वाटलं चिडला असेल.

"आंटीजी, एक बात बताइए. उजवीकडून... मतलब, राइट से कितना लगता है, ठीक-ठीक?"

"ते चेंडू कुठे पडावा असं तुला वाटतं त्यावर आहे."

"पार पडावा, और क्या."

"पार पडून पुढे काय करायचंय?"

तो पाचव्याच्या दिशेने बघायला लागला. "रविवारी लवकर ये," मी म्हटलं, "पोह्यांच्या आधी. चालत दाखवते."

"पोह्यांच्या आधी?" त्याने कसाबसा होकार दिला.

आला. आम्ही नाल्याच्या दोन्ही काठांनी चाललो, मी त्याला उंचवट्यामागून हिरवळ कशी दिसते ते दाखवलं, आणि मग मी माझ्या खेळाला गेले. तासाभराने चौथं संपवून वर आले तर तो मागच्या ओटल्यावर उभा होता. त्याने लांब काठी काढली, उजवीकडे बघितलं. मधलीही काढली, डावीकडे बघितलं. मागे शेडमधून त्याचे दोस्त ओरडत होते, "मार ना भिया, क्या मुहूर्त निकाल रहा है?" तो त्यांच्याकडे लक्ष न देता दोन्ही काठ्या हातात घेऊन नाल्याकडे बघत राहिला. मी पुढच्या ओटल्यावर येऊन बाकावर बसले. त्याचं ठरेपर्यंत थांबायला माझी हरकत नव्हती.